हौसेला मोल असतं

गेल्या महिन्यात भाच्याला बॅट घ्यायला मेट्रोजवळच्या एका दुकानात गेलो होतो. पोरगं बारा वर्षांचं. शाळेच्या संघात निवड झाल्यामुळे हवेत होतं. बॅट, पॅड, ग्लोव्हज, हेल्मेट, स्पाइक्सचे बूट आणि पांढऱ्या कपड्यांचे दोन जोड असा ढीग काउंटरवर लागला. बिलाचा आकडा बघून मी जरा थबकलो, तसा दुकानदार हसून म्हणाला, "काय साहेब, हौसेला मोल नसतं!"

बिल भरलं आणि बाहेर पडलो. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. मी त्याच वयाचा असताना आमच्या शाळेतही क्रिकेटची निवड होती. सरांनी सांगितलं होतं, उद्या पांढऱ्या कपड्यांत या. आमच्या घरात पांढरं म्हणजे एकच गोष्ट होती, ईदचा कुर्ता-पायजामा. अम्मीने तो रात्री धुऊन, तव्याखाली दाबून इस्त्री केल्यासारखा करून दिला. मैदानावर पोरं हसली. सरांनी मला बाजूला घेऊन समजावलं, "अरे, पँट लागते. खेळायची हौस असेल तर थोडा खर्च करावा लागतो." सर वाईट नव्हते. त्यांनी नियम सांगितला, इतकंच. मी पुन्हा त्या निवडीला गेलो नाही. अब्बांना तर ही गोष्ट मी कधी सांगितलीच नाही.

ती निवड होती हॅरिस शील्डसाठी. मुंबईत वाढलेल्या माणसाला हे नाव सांगावं लागत नाही. १८९० च्या दशकापासून चालत आलेली ही शालेय स्पर्धा. १९८८ साली आझाद मैदानावर सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभंग भागीदारी केली, ती याच स्पर्धेत. हॅरिस शील्ड हे शब्द आपण 'दादर' किंवा 'परळ' म्हणावं तितक्या सहज म्हणतो. पण हे हॅरिस कोण, असं विचारलं तर बहुतेक जण "कुणीतरी इंग्रज गव्हर्नर" म्हणून मोकळे होतात. मीही होत होतो. मग वाचायला लागलो, आणि दुकानदाराच्या त्या वाक्याला उत्तर सापडलं असं वाटलं. म्हणून हा लेख.

जॉर्ज रॉबर्ट कॅनिंग हॅरिस, म्हणजे चौथे बॅरन हॅरिस. जन्म १८५१ चा, वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदादचा, कारण वडील तिथे गव्हर्नर होते. पुढे वडील मद्रासचे गव्हर्नर झाले. मुलगा इंग्लंडला ईटन या शाळेत शिकला, मग ऑक्सफर्डला. १८७२ साली वडील वारले तेव्हा तो विद्यार्थीच होता. वयाच्या एकविसाव्या वर्षी लॉर्ड झाला. केंट परगण्याच्या क्रिकेट संघाची सूत्रं त्याने तरुणपणीच हातात घेतली, ती १८८९ पर्यंत सोडली नाहीत. चार कसोटींत इंग्लंडचं नेतृत्व केलं. १८८० साली ओव्हलवर इंग्लंडच्या भूमीवरची पहिली कसोटी झाली, तिचा इंग्लंडचा कर्णधार हाच. डब्ल्यू. जी. ग्रेसने त्या सामन्यात १५२ धावा केल्या, हॅरिसने ५२, आणि इंग्लंड पाच गडी राखून जिंकलं. पुढे एमसीसीचं अध्यक्षपद, मग कित्येक वर्षं खजिनदारपद. १९३२ साली मरेपर्यंत लॉर्ड्सच्या मैदानावर त्याच्या शब्दाबाहेर फारसं काही घडत नसे.

आणि या सगळ्यासाठी त्याने एक पैसा मेहनताना घेतला नाही. तो होता 'जंटलमन', म्हणजे हौशी खेळाडू. त्या काळच्या इंग्लंडमध्ये मैदानावर दोन जाती होत्या. मी 'जाती' हा शब्द विचारपूर्वक वापरतो आहे. जे पैसे न घेता खेळत ते 'जंटलमेन', जे पैसे घेऊन खेळत ते 'प्लेअर्स'. दोघांची कपडे बदलायची खोली वेगळी. कित्येक मैदानांवर आत उतरण्याचं दारही वेगळं. धावफलकावर हौशी माणसाच्या नावाची आद्याक्षरं आडनावाच्या आधी छापत आणि व्यावसायिकाची आडनावानंतर. एकाला 'मिस्टर' म्हणायचं, दुसऱ्याला नुसत्या आडनावाने हाक मारायची. एकाच संघातून, एकाच देशासाठी, एकाच चेंडूमागे धावणारी ही माणसं. या दोन गटांचा आपापसातला सामना १८०६ पासून १९६२ पर्यंत होत राहिला. नोव्हेंबर १९६२ मध्ये एमसीसीने हा भेद मोडीत काढला. त्याला अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत.

वेगळं दार, वेगळी खोली, नावातला फरक. हे वाचताना मराठी वाचकाला काही ओळखीचं वाटत नसेल तर मला नवल वाटेल.

कामाची वाटणीही ठरलेली होती. दिवसभर उन्हात धावत जाऊन चेंडू टाकायचं कष्टाचं काम बहुतेक व्यावसायिकांचं. हे लोक खाणीतून, विणमागावरून, माळीकामातून आलेले. नजाकतीने बॅट फिरवणं आणि कर्णधारपद मिरवणं साहेबांचं. विसाव्या शतकात इंग्लंडच्या कसोटी संघाला व्यावसायिक कर्णधार मिळायला १९५२ साल उजाडावं लागलं, लेन हटन.

आता, हौशी म्हणजे निर्मोही, असं कुणी समजू नये. ग्रेसचंच घ्या. पेशाने डॉक्टर, कागदोपत्री पक्का 'जंटलमन'. १८७३-७४ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी त्याला दीड हजार पौंड मिळाले. त्याच बोटीतून गेलेल्या व्यावसायिकांना प्रत्येकी १७० पौंड. १८९१-९२ च्या दौऱ्यात त्याने ३,००० पौंड घेतले. १८९५ साली त्याच्या गौरवनिधीत नऊ हजारांवर पौंड जमले. हे सगळं 'खर्चापोटी' आणि 'प्रेमापोटी' म्हणायचं, मेहनताना नाही म्हणायचं! पुढच्याच वर्षी, १८९६ साली, ओव्हलच्या कसोटीआधी पाच व्यावसायिक खेळाडूंनी सामन्याचे दहाऐवजी वीस पौंड मागितले. त्यांच्यावर वृत्तपत्रांतून पैशाला हपापलेले म्हणून टीका झाली. ग्रेसच्या आकड्यांपुढे वीस पौंड!

पण हॅरिसला मी ग्रेसच्या रांगेत बसवणार नाही. तसं करणं अन्यायाचं होईल. हॅरिसने खरोखरच क्रिकेटमधून पैसा खाल्ला नाही. नियमांच्या बाबतीत तो कडक होता. लँकेशायरचा क्रॉसलंड नावाचा गोलंदाज फेकी गोलंदाजी करतो, असं वाटल्यावर त्याने १८८५ साली केंटचे लँकेशायरशी होणारे सामने बंद करवले. क्रिकेट हा नुसता खेळ नाही, माणूस घडवण्याची शाळा आहे, असं तो मनापासून मानायचा. ढोंगी माणसावर लिहिणं सोपं असतं. हॅरिस प्रामाणिक होता, म्हणूनच त्याच्यावर लिहावंसं वाटलं. प्रश्न असा की, या प्रामाणिकपणाचा खर्च कोण करत होतं?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला लंडनला जावं लागत नाही. श्रीरंगपट्टणला जावं लागतं.

४ मे १७९९. इंग्रज फौजांनी श्रीरंगपट्टणचा किल्ला फोडला आणि टिपू सुलतान लढताना मारला गेला. त्या फौजांचा सेनापती होता जनरल जॉर्ज हॅरिस, आपल्या क्रिकेटवाल्या हॅरिसचा पणजोबा. त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे जिंकलेल्या खजिन्याची सैन्यात वाटणी झाली आणि सेनापतीला सर्वांत मोठा हिस्सा मिळाला. त्या पैशातून १८०१ साली त्याने केंटमध्ये बेलमाँट नावाची हवेली आणि जमीनजुमला घेतला. १८१५ साली त्याला बॅरन ही पदवी मिळाली, तीही श्रीरंगपट्टण आणि म्हैसूरच्या नावाने! म्हणजे आपला हौशी क्रिकेटपटू ज्या नावाने लॉर्ड होता, त्या नावातच श्रीरंगपट्टण होतं. ज्या हवेलीतून तो सामन्यांना निघायचा, ती टिपूच्या खजिन्यातून आली होती.

टिपू हा शब्द आला की आजकाल आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. त्या वादात मला इथे शिरायचंच नाही. टिपू चांगला की वाईट, हा प्रश्न बाजूला ठेवा. तो खजिना म्हैसूरच्या रयतेच्या घामाचा होता, यावर तरी वाद नसावा. त्या रयतेत हिंदू होते, मुसलमान होते, शेतकरी होते, विणकर होते. त्यांनी भरलेल्या साऱ्यावर तीन पिढ्यांनंतर एक माणूस केंटच्या हिरवळीवर पैसे न घेता क्रिकेट खेळू शकला. त्याला मानधनाची गरज नव्हती, कारण त्याचं मानधन आगाऊ वसूल झालेलं होतं.

हौसेला मोल नसतं असं नाही. मोल असतंच, फक्त ते कधी कधी दुसऱ्याच कुणीतरी चुकवलेलं असतं.

याच हॅरिसच्या आयुष्यात एक प्रसंग आहे. १८७८-७९ च्या मोसमात तो संघ घेऊन ऑस्ट्रेलियाला गेला. संघात बहुतेक हौशी, व्यावसायिक फक्त दोन, यॉर्कशायरचे युलियट आणि एमेट. सिडनीच्या सामन्यात मर्डॉक या लोकप्रिय फलंदाजाला धावचीत दिल्यावर प्रेक्षक खवळले, शेकडो लोक मैदानात घुसले. सामन्यावर सट्टा जोरात लागलेला होता. कुणीतरी हॅरिसला काठीने मारलं. त्या गर्दीत हातात एकेक स्टंप घेऊन आपल्या लॉर्डसाहेबांच्या दोन बाजूंना उभे राहिले ते हे दोन व्यावसायिक, असं सांगतात. एरवी ज्यांनी दुसऱ्या खोलीत कपडे बदलायचे, त्यांचा खांदा संकटात चालला. हेही आपल्याला ओळखीचंच.

१८९० साली हॅरिस मुंबईचा गव्हर्नर म्हणून आला. मुंबईला क्रिकेट त्याने शिकवलं, असा एक समज आहे. तो खोटा आहे. पारशांनी आपला पहिला क्लब १८४८ सालीच काढला होता, आणि हॅरिस इथे येण्याआधीच, जानेवारी १८९० मध्ये, त्यांनी व्हर्ननच्या इंग्लिश संघाला हरवून दाखवलं होतं. आपल्या लोकांना इंग्रजांच्या पोलोच्या घोड्यांनी उकरलेल्या मैदानावर खेळावं लागे. त्याविरुद्ध ते वर्षानुवर्षं अर्ज करत होते. क्रिकेट कुणी दिलेलं नाही. ते इथल्या माणसांनी भांडून घेतलेलं आहे.

हॅरिसने दिली ती जमीन, आणि जमीन वाटण्याची पद्धत. समुद्राकाठच्या भरावावर पारशांना जागा आधीच मिळाली होती. १८९२ च्या सुमारास मुसलमानांचा आणि हिंदूंचा अर्ज आला. हॅरिसने जागा मंजूर केल्या, पण धोरणही ठरवून टाकलं: प्रत्येक जमातीला एक प्रतिष्ठित जिमखाना, त्याउपर कुणाला काही मिळणार नाही, ज्याला खेळायचं असेल त्याने आपापल्या जमातीच्या जिमखान्यात जावं. आज मरीन ड्राइव्हवरून जाताना पारसी, इस्लाम आणि हिंदू अशा तीन पाट्या ओळीने दिसतात, त्यामागे ही फाइल आहे. गोऱ्यांचा बॉम्बे जिमखाना तर आधीपासून वेगळा होताच. ज्याच्या देशात मैदानाला दोन दारं होती, त्याने आपल्याकडे चार केली. पुढे याच रचनेवर तिरंगी, चौरंगी आणि पंचरंगी सामने उभे राहिले. १९४० साली गांधीजींनी धर्मवार संघ पाडून खेळण्याला उघड विरोध केला, तरी १९४६ पर्यंत ते चालूच होते.

मात्र सगळं खापर हॅरिसवर फोडून आपण सुटू नये. अर्ज आपणच केले होते. हिंदूंचे क्लब तर आधीच जातींत विभागलेले होते. इस्लाम जिमखान्याच्या उभारणीत बद्रुद्दीन तैयबजींसारखा काँग्रेसचा माजी अध्यक्ष होता. त्यांच्या हेतूवर मी शंका घेणार नाही. आपल्या समाजाची मुलं मागे राहू नयेत, ही त्यांची कळकळ खरी होती. पण 'प्रतिष्ठित' या शब्दाकडे जरा बघा. जिमखाना जमातीचा म्हटला तरी आत कोण जाणार होतं? व्यापारी, बॅरिस्टर, जहाजवाले. मदनपुऱ्यातला मागावरचा जुलाहा किंवा भेंडीबाजारातला हमाल तिथे बॅट घेऊन उभा राहणार नव्हता. जमातीच्या नावाने मिळालेली गोष्ट जमातीतल्या प्रतिष्ठितांकडेच राहते, हा अनुभव आम्ही मुसलमानांनी क्रिकेटपुरता घेतलेला नाही.

ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल पेटली. सुमारे ऐंशी माणसं मेली. मराठी वाचकाला ही दंगल माहीत असते, कारण त्यानंतरचं राजकारण आणि सार्वजनिक गणेशोत्सवाचा इतिहास तिच्याशी जोडलेला आहे. त्या वेळी गव्हर्नर पुण्याला गणेशखिंडीत होते. पावसाळ्यात सरकार पुण्याला असे, त्यात नवल नाही. पण शहर जळत असताना साहेब क्रिकेटमध्ये रमले होते, मुंबईत आले ते नवव्या दिवशी आणि तेही मुख्यतः एका सामन्यासाठी, ही टीका त्यांच्या नावाला कायमची चिकटली. मला यात क्रूरपणा दिसत नाही. मला दिसते ती सवय. ज्याचं सगळं आयुष्य हौसेचं आहे, त्याला राज्य करणंही हौसेचंच काम वाटतं.

आणि त्याच दशकात, त्याच पुण्यात, एक पोरगा इंग्रजांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टी लाटत होता, जाळ्या लावत होता आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकत होता. पळवणकर बाळू. साहेबांनी त्याला शेकडो तास गोलंदाजी करायला लावली, पण बॅट हातात दिली नाही. बॅट साहेबांची! पुढे त्याच्या फिरकीशिवाय जिंकता येत नाही म्हणून हिंदूंच्या संघाने त्याला घेतलं, तेव्हा मैदानात सगळे त्याच चेंडूला शिवत आणि चहाच्या वेळी त्याला बाहेर वेगळ्या भांड्यात चहा मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. तरीही हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला मिळालं नाही. ते १९२३ साली त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं.

हॅरिस आणि बाळू. एकाच काळी, एकाच गावात क्रिकेटवर जीव टाकणारी दोन माणसं. क्रिकेटचं प्रेम कुणाचं जास्त निर्मळ? पैसे न घेणाऱ्याचं, की चार रुपयांवर घर चालवणाऱ्याचं? मला विचाराल तर हा प्रश्नच चुकीचा आहे. चार रुपये घेतल्याने बाळूचं प्रेम डागाळत नाही, आणि न घेतल्याने हॅरिसचं उजळत नाही.

ही व्यवस्था किती पोकळ होती, हे बघायचं असेल तर वॉली हॅमंडची गोष्ट बघा. जन्म केंटमधल्या डोव्हरचा, म्हणून ग्लॉस्टरशायरकडून त्याच्या खेळण्याला १९२० च्या दशकात केंटने आक्षेप घेतला आणि त्याला पात्र ठरेपर्यंत थांबावं लागलं. आक्षेपामागे होते म्हातारे लॉर्ड हॅरिस, ज्यांचा स्वतःचा जन्म त्रिनिदादचा! हा हॅमंड बरीच वर्षं व्यावसायिक म्हणून खेळला. मग त्याला एका कंपनीत नोकरी मिळाली, तो 'हौशी' झाला, आणि १९३८ साली लगेच इंग्लंडचा कर्णधार. माणूस तोच, बॅट तीच. फक्त भाकरी दुसरीकडून यायला लागली.

हे सगळं आज कशाला, असं कुणी विचारेल. कारण जंटलमन मेला, तरी त्याची नजर आपल्याकडे राहिली. आयपीएलच्या लिलावात एखाद्या रिक्षावाल्याच्या किंवा पाणीपुरीवाल्याकडे काम केलेल्या पोराला कोट्यवधी रुपये मिळाले की आपले सुखवस्तू काका लगेच म्हणतात, "पूर्वी लोक खेळासाठी खेळायचे, आता सगळा पैसा." पूर्वी कोण खेळायचं, काका? कुणाच्या पैशावर? क्रिकेटचं सोडा. साहित्य, संगीत, समाजसेवा, सगळीकडे आपण 'निरपेक्ष' माणसाला दोन बोटं वर ठेवतो. मानधन मागणारा शाहीर आपल्याला लालची वाटतो, आणि घरचं भाडं येणारा लेखक तपस्वी वाटतो. ज्याला निरपेक्ष राहणं परवडतं, त्याच्या निरपेक्षतेचं कौतुक करायला हरकत नाही. पण ते मोजमाप ज्याला परवडत नाही त्याच्यावर लावू नये.

हॅरिस शील्डचं नाव बदला, अशी मागणी मी करणार नाही. नावं बदलण्याचा आपल्याकडे आधीच सुकाळ आहे आणि त्याने कुणाला पँट मिळत नाही. ती स्पर्धा आता हॅरिसची राहिलेलीही नाही. गिरगाव, दादर, कुर्ला, मदनपुरा इथल्या पोरांनी ती आपली करून टाकली आहे. माझी मागणी लहान आहे. शाळांनी किट शाळेचं ठेवावं. निवडीच्या दिवशी पोराचा चेंडू बघावा, कपडे नंतर बघावेत.

भाच्याला त्या रात्री मी पायजम्याची गोष्ट सांगितली. तो हसला नाही. थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "मामू, आमच्या वर्गात एक जण आहे. माझ्यापेक्षा फास्ट टाकतो. पण तो आलाच नाही निवडीला."

मी त्याला म्हटलं, तुझा दुसरा जोड त्याला बसेल का बघ.